थोरलीचं वय

"हिचं अर्धं तिकीट काढायचं का पुरं?" हौसाआत्यानं कंडक्टरला विचारलं आणि मांडीवरची लांबलचक वळकटी जराशी उचलून दाखवली.

कंडक्टरनं वळकटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. गोधडीत गुंडाळून वरून जुन्या साडीच्या काठानं करकचून बांधलेली ती वस्तू दोन सीट अडवून बसली होती. "काय हाय त्यात, आज्जी?"

"आमची थोरली."

मी घाईघाईनं पर्समधून पोलीस ठाण्याचा कागद काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो ओठ हलवत वाचला आणि एक पाऊल मागं सरला. "बंदूक? भरलेली न्हाई न्हवं?"

"छे हो! चाळीस वर्षांत उघडलेलीसुद्धा नाही," मी म्हटलं.

"तसं कुणीच सांगू शकत न्हाई," आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली.

झालं! पुढच्या सीटवरचे दोघं उठून थेट ड्रायव्हरच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. मी आत्याचा हात दाबला. हात गार होता, आणि मला वाटलं धुक्यानं असेल. कार्तिक संपत आला होता, आणि आमच्या जांभुळखोऱ्यात त्या दिवसांत सकाळी नऊ-नऊपर्यंत समोरचं माणूस दिसत नाही. गाडी धुक्यातून नुसती तरंगत चालली होती. मधेच एखादं झाड खिडकीशी येई, आत डोकावल्यासारखं करी आणि निघून जाई.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा एकतीस वर्षांची, गडहिंग्लजला पोस्टात नोकरीला. श्रावणात माझे वडील, आबा, गेले. त्यांच्यामागं घरात राहिली त्यांची थोरली बहीण, हौसाआत्या, आणि माजघराच्या भिंतीवरची दुनळी बंदूक. आत्यानं लग्न केलं नव्हतं. माझी आई लवकर गेली, तेव्हापासून मला न्हाऊमाखू घातलं ते आत्यानंच. आणि बंदुकीला घरात सगळे थोरली म्हणायचे, कारण ती सगळ्यांच्या आधीपासून घरात आहे असं सगळ्यांना वाटायचं. दरवर्षी खंडेनवमीला तिला खाली काढायचं, शेंदूर-तेल लावायचं, झेंडूची माळ घालायची, नैवेद्य दाखवायचा आणि पुन्हा खुंटीवर. मागच्या वर्षीचा शेंदूर पुसायचा नाही, त्यावरच नवा चढवायचा. शेवटी शेवटी तर बंदूक कुठली, नारिंगी दांडकंच दिसायचं. देवाला कधी कुणी खरवडतं का?

आबा गेल्यावर पोलीस पाटील सांगून गेला की परवाना आबांच्या नावाचा होता, आता बंदूक घरात ठेवता येणार नाही. वारसाच्या नावावर करायची तर अर्जात बंदुकीची बनावट आणि साल लिहायला हवं. परवान्यावर नुसतं 'दुनळी, विलायती' एवढंच. गडहिंग्लजच्या फौजदारांनी कोल्हापूरच्या बाबालाल शिकलगारांचं, बंदुका दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराचं, नाव सुचवलं. "म्हातारा बंदुकीचं तोंड बघून तिची जन्मतारीख सांगतो," म्हणाले.

मला ती हवी होती, खरंच सांगते. दुपारी आबा तिच्याखाली पथारी टाकून पडायचे आणि मी त्यांच्या पोटावर डोकं ठेवून त्या नारिंगी नळ्यांकडं बघत झोपून जायची. आबांची आठवण म्हणून दुसरं काही मागावंसं वाटेना. आत्याचं मात्र एकच चाललं होतं: मोडीत घाला, सरकारात द्या, हिरण्यकेशीच्या डोहात टाका, पण घरात नको. आणि तरी कोल्हापूरला निघायच्या दिवशी पहाटे अंघोळ करून, नवं लुगडं नेसून आधी तीच तयार. "मला हिचा निकाल डोळ्यांनी बघायचाय," एवढंच म्हणाली.

गाडीनं घाटवळण घेतलं तशी वळकटी माझ्याकडं कलंडली. आत्यानं ती झटकन आपल्याकडं ओढली.

"तुझ्या अंगावर नको," ती म्हणाली. "शैले, एक सांगू? कुणाला बोलायची न्हाईस."

"सांग की."

"हिनं बाजीदादाला खाल्लं."

बाजीराव हा आत्याचा आणि आबांचा सगळ्यांत थोरला भाऊ. सतराव्या वर्षी दसऱ्याला बंदुकीच्या अपघातात गेला, एवढंच मला ठाऊक होतं. आमच्या, सरनोबतांच्या, मळ्यात त्याची समाधी आहे, तीवर शके १८५७ कोरलंय. घरात त्याचं नाव कुणी घेत नसे. आजोबांच्या काळापासूनचीच ती रीत.

"ते ठाऊक आहे, आत्या."

"तुला निम्मं ठाऊक हाय." तिनं पदर तोंडावर धरला. "हिनं खाल्लं, पण खायला मी घातलं. नऊ वर्सांची हुते. पूजेसाठी हिला खाली काढलेली. माजघरात कुणी नव्हतं. मी हिला मधनं मोडून उघडली. दोन भोकं दिसली. फडताळातनं एक लाल काडतूस काढलं आन् सरकवलं आत. त्याचं पितळी बूड अंगठ्याला गार गार लागलं. अजून लागतंय बघ." तिनं अंगठा माझ्यासमोर धरला. "मग कुणीतरी आलं, म्हणून तशीच मिटवून ठिवली. दुसऱ्या दिशी, दसऱ्याला सांजंला, शिवेवर सोनं लुटायला दादा घिऊन गेला हिला. बार ऐकला मी घरातनं. मग त्याला घोंगड्यावर आणला."

धुकं खिडकीच्या फटीतून आत येत होतं, आणि साठीच्या पुढची बाई माझ्यासमोर अंगठा धरून बसली होती.

"आणि हे तू कुणालाच सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? आई रडत हुती, बा भिंतीकडं तोंड करून बसलेला. मला ताप भरला. मग आजोळी नेऊन ठिवली, चार वर्सं. माघारी आले तर ही आपली खुंटीवर, जशीच्या तशी. स्वप्नात येती माझ्या. हिरवं लुगडं नेसून येती, उशाशी बसती. म्हणती, हौसा, भूक लागली गं."

"अगं आत्या, तू लेकरू होतीस!"

"म्हणून काय झालं? भाऊ तर गेलाच की."

कोल्हापूरजवळ, उजळाईवाडीच्या अलीकडं धुकं फाटलं, ऊन आलं, आणि ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. झोपेतही तिचा एक हात वळकटीवर होता. मला तेव्हा आबांची आठवणही नको झाली आणि बंदूकही. शिकलगारांना बंदूक द्यायची, ते म्हणतील त्या कागदावर सही करायची आणि विषय संपवायचा, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

शिकलगारांचं दुकान एका बोळात होतं. दुकान म्हणजे एक लांब खोली. वर काचेची दोन कौलं, त्यांतून उन्हाचे दोन पट्टे खाली उतरलेले आणि त्यांत धूळ आपली सावकाश फिरत होती. तेलाचा, लाकडाच्या भुश्याचा वास. भिंतीला बंदुकाच बंदुका, आणि त्यांच्यात एक बारीकसा म्हातारा चष्मा कपाळावर चढवून बसलेला. बाबालालमियांनी आम्हाला बसायला दिलं, चहा सांगितला आणि वळकटी सोडली.

"अल्ला! किती गं बाई तुझे लाड!" शेंदूर बघून ते बंदुकीलाच म्हणाले. मग आत्याकडं वळले. "आक्का, देवाची हाय. तुम्ही परवानगी दिल्याबिगर हात लावणार न्हाई."

आत्यानं मान हलवली. "खरवडा. मला बी बघू दे तिचं तोंड."

त्यांनी रॉकेलचा बोळा घेतला आणि पुसायला लागले. घाई नाही. म्हातारी माणसं नातवाला तेल लावतात तसे त्यांचे हात चालले होते. नारिंगी थर सुटत गेले, खाली लालसर, मग काळपट, आणि मग एकदम निळसर लोखंड. लाकडावर बारीक चौकटीची नक्षी निघाली. कळीच्या बाजूला वेलबुट्टी, तिच्यात दोन पक्षी उडताना कोरलेले. मी जन्मभर जिच्याखाली झोपले ती ही? आत्या पुढं वाकून त्या पक्ष्यांकडं बघत होती.

"घोडे बाहेर न्हाईत, आत कळीतच लपलेले हायत," बाबालालमिया म्हणाले. "चांगल्या घरची हाय. तुमच्याकडं कधीपासनं?"

"शंभर वर्सं तर झालीच," आत्या म्हणाली. "आमच्या आज्ज्याला वाघ मारल्याबद्दल मिळाली."

"शंभर?" त्यांनी ओठ मुडपले. खालचा लाकडी तुकडा काढला, बंदूक मोडली, आणि नळ्या अलगद दस्त्यापासून वेगळ्या करून उलट्या धरल्या. आत्यानं डोळे मिटून घेतले होते.

"काडतूस हाय आत?" तिनं विचारलं.

"न्हाई, आक्का. रिकामी हाय."

तिनं डोळे उघडले. बाबालालमियांनी नळ्यांची खालची बाजू उन्हाच्या पट्ट्यात धरली, डोळ्याला भिंग लावलं आणि मला जवळ बोलावलं. एरवी लाकडाखाली झाकली जाणारी ती जागा. तिथं तांदळाच्या दाण्याएवढे शिक्के होते: मुकुट, आकडे, एक अक्षर.

"विलायतेत नळी तयार झाली की तिची परीक्षा घेत्यात, ताई. दामदुप्पट दारू भरून उडवायची. टिकली तर हा शिक्का. आन् हे अक्षर हाय न्हवं, ते त्या सालाचं. दरसाल बदलतंय." त्यांनी फळीवरून कापडी बांधणीची एक वही काढली. त्यांच्या वडिलांच्या हातची, दरबारच्या बंदुका दुरुस्त करायचे तेव्हाची. बोट एकेका ओळीवरून खाली आलं आणि थांबलं. "एकोणीसशे अडतीस. ही तुमच्यापरास बारकी हाय, आक्का."

चहा आला होता. आत्यानं कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. तिच्या काही ध्यानात आलं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांसमोर मळ्यातली समाधी उभी राहिली. आमच्या पोस्टात शकाचं साल आणि इंग्रजी साल दोन्ही कॅलेंडरवर रोज समोर असतात. शके १८५७. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे. मी मिळवले, पुन्हा मिळवले. एकोणीसशे पस्तीस.

"चाचा, चूक तर नाही ना होत? नीट बघा. पस्तीसच्या आधीची असू शकेल?"

"ताई, शिक्का खोटं बोलत न्हाई. पस्तीस साली ह्या नळीचं लोखंड खाणीत असंल." ते माझ्याकडं निरखून बघायला लागले. "का? काय झालं?"

मी आत्याकडं बघितलं. बोलायची नाहीस म्हणाली होती. पण आता न बोलणं म्हणजे पाप झालं असतं.

"आत्या," मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. "बाजीकाका गेला पस्तीस साली. ही बंदूक तेव्हा झालेलीच नव्हती. कुठंच नव्हती. विलायतेतसुद्धा नाही."

"काय बोलतीस?" ती रागावली. "मी ह्या हातानं मोडलीय तिला! हे दोन पक्षी! ह्या पक्ष्यांवरनं बोट फिरवलंय मी!"

"फिरवलं असशील. पण कधी? आठव. तेव्हा माजघरात कोण आलं होतं?"

"कोण म्हंजे? तुझा आबा. दारात हुबा ऱ्हायला आन् वरडला, आक्के, वाघ आला, मार! म्हणून मी दचकून मिटवली."

"आबांचा जन्म चौतीसचा. बाजीकाका गेला तेव्हा ते एक वर्षाचे होते, आत्या. पाळण्यात होते. बोलणार कुठून?"

बाबालालमियांना एव्हाना अंदाज आला असावा. त्यांनी हळूच विचारलं, "घरचे जुने कागद हायत का काही?"

पोलिसांना दाखवायला म्हणून आबांच्या पत्र्याच्या पेटीतलं सगळं बाड मी आणलं होतं. त्यात वर परवाने, आणि तळाशी मोडीतले दोन कागद. ते कुणालाच वाचता येत नव्हते, म्हणून आमच्या घरी कुणी कधी वाचले नव्हते. बाबालालमियांना वडिलांच्या वह्यांमुळं मोडी येत होती. त्यांनी पहिला बाजूला ठेवला, तो जमिनीचा होता. दुसरा उन्हात धरला आणि भिंग लावून थांबत थांबत वाचला.

"मौजे जांभुळखोरे येथील सरनोबत यांजकडील ठासणीची एकनळी बंदूक... विजयादशमीस सीमेवर बार ठासत असता उडून... थोरले चिरंजीव बाजीराव जागीच मयत झाले. सबब सदरहू बंदूक सरकारजमा केली." त्यांनी खालची तारीख सांगितली. पस्तीसचा ऑक्टोबर. "आन् ह्याच्याखाली चार वर्सांनी लिवलंय, डुकरांचा उपद्रव फार, सबब दुनळी घेण्यास परवानगी."

"ठासणीची म्हंजे?" आत्यानं विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

त्यांनी भिंतीवरची एक काठीसारखी लांब बंदूक काढून तिच्या पुढ्यात आडवी धरली. "ही असली, आक्का. ही मोडत न्हाई. तोंडातनं दारू घालायची, चिंधी घालायची, गजानं ठासायची. काडतूस हिच्यात जातच न्हाई. घालायला जागाच न्हाई बघा, हात लावून बघा. ठासताना ठिणगी पडली तर ठासणाऱ्यालाच उडवती. लई माणसं गेली अशी. तुमचा भाऊ सोताच भरत हुता. तुमचा काडीचा संबंध न्हाई."

आत्यानं त्या बंदुकीवरून हात फिरवला. सगळीकडं चाचपलं, मोडायची जागा शोधत. कौलातला उन्हाचा पट्टा सरकत सरकत तिच्या मांडीवर आला होता.

"टाक बदलतात तसं झालं," ती शेवटी म्हणाली.

"कसं?" मी विचारलं.

"देव्हाऱ्यातला टाक झिजला की नवा करतात. जुना डोहात सोडायचा, नवा त्याच जागी बसवायचा. आन् मग नवा म्हणायचं न्हाई. तोच खंडोबा. पाच पिढ्यांचा. बानं तसंच केलं. जुनी गेली, नवी आणली, त्याच खुंटीवर टांगली. नाव बी तेच. वाघाची गोष्ट बी तीच. मी आजोळाहून आले, मला कोण सांगणार ही दुसरी म्हणून? सांगायचंच नसतंय. हिला मोडली ती आजोळाहून आल्यावर, तुझा आबा बोलता झाल्यावर, आन् मी दोन्ही एकात कालवलं."

आणि मग ती रडली. मी तिला आबांच्या मयतीलाही असं रडताना बघितलं नव्हतं. बाबालालमिया उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि उगाच कानस चालवत बसले. रडणं ओसरल्यावर आत्यानं पदरानं तोंड पुसलं, आमची बंदूक, सुट्या नळ्या आणि दस्ता, दोन्ही जवळ ओढून घेतलं आणि त्या दोन पक्ष्यांवर कपाळ टेकलं. "बाई, चुकलं गं माझं. उगाच तुझ्यावर आळ घेतला."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. अगदी हसू फुटायच्या बेतात होतं. वाटलं, केवढं मोठं काम झालं आज आपल्या हातून! बाबालालमियांनी बनावट आणि साल लिहून चिठ्ठी दिली. परवाना होईपर्यंत बंदूक त्यांच्याकडंच जमा ठेवायची होती. निघताना आत्याच म्हणाली, "हिला लौकर घरी आणायची हं, शैले. भिंत भुंडी दिसती."

स्टँडवर आलो तेव्हा दुपार कलत होती. गाडीला अर्धा तास होता. आम्ही बाकावर बसलो. रिकामी गोधडी आत्याच्या मांडीवर घडी करून ठेवलेली. मी खूश होते, बडबडत होते: आता तुला स्वप्न पडायचं नाही, आता निवांत झोपायचं. आत्या हूं हूं करत होती. नजर समोरून जाणाऱ्या माणसांच्या पायांवर.

"नेसरीचा एक मास्तर यायचा," ती मधेच म्हणाली.

"कुठं?"

"आपल्या घरी. मला मागणी घालायला. मी एकोणीस वर्सांची असंन. पयल्यांदा बापाला घिऊन आला. मी नको म्हटलं. सगळ्यांना वाटलं, लाजती. मग मामाला घिऊन आला. मी नको म्हटलं. भावाला खाल्लेलं माणूस मी, दुसऱ्याचं घर कुठं खायला जाऊ?" ती गोधडीचा टाका उसवत होती. "मग तिसऱ्यांदा एकटाच आला. सोप्यात बसला. मला म्हणाला, मी पसंत नसंन तर तसं तोंडानं सांगा, पुन्हा येणार न्हाई."

"मग?"

"मग काय. सांगितलं." तिनं उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला. "वर बघितलं न्हाई मी, शैले. तिन्ही वेळा. त्याच्या चपलांकडं बघून बोलले. नव्या हुत्या. करकर वाजत हुत्या."

तीस वर्षं होऊन गेली त्याला, आत्या जाऊनही वीस झाली, पण त्या बाकावर तिला काय म्हणायला हवं होतं ते मला अजून सापडलेलं नाही. गाडी फलाटाला लागली. लोक धावले. आत्या जागची हलली नाही.

"दिसायला कसा असंल गं तो?" तिनं मला विचारलं. जणू मी त्याला ओळखत होते.

"चांगला असणार, आत्या."

तिनं त्याचा विचार केला. मग हळूहळू मान डोलावली.

"चांगलाच असणार," ती म्हणाली. "तीनदा आला म्हंजे."